स्कूल बस गॅसवर चालवायची तर: ठाणे-नवी मुंबईतल्या बसमालकांसाठी

अमेरिकेत बऱ्याच पिवळ्या स्कूल बस प्रोपेनवर धावतात. त्याच प्रोपेनमध्ये ब्युटेन मिसळला की आपला एलपीजी होतो. आपल्याकडे सोयीचा गॅस मात्र सीएनजी. महानगर गॅसची पाइपलाइन दारात आहे, पंप आहेत, हात बसलेले फिटर आहेत. डिझेलच्या तुलनेत फायदे दोन्ही गॅसचे जवळपास सारखेच.

त्यातला पहिला फायदा स्कूल बसच्या चालीशी जोडलेला आहे. सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर थांबा, मग शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभं राहणं. अशा छोट्या फेऱ्यांत बीएस-६ डिझेल बसचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही, त्यामुळे काजळी अडवणारी जाळी स्वतःला जाळून साफ करू शकत नाही आणि तुंबते. मग दिवा लागतो, पिकअप जातो, गाडी गॅरेजला. सीएनजीत काजळी नगण्य, त्यामुळे ती जाळीही नाही आणि डिझेलचा धूर साफ करायला लागणारी युरियाची टाकीही नाही. शाळेच्या गेटवर दहा बस उभ्या असतात तेव्हा तो धूर मुलांच्या नाकाच्या उंचीवर असतो, हे विसरू नका. आवाजही कमी, त्यामुळे मागे मुलं काय करताहेत ते ड्रायव्हरला ऐकू येतं.

जुन्या डिझेल बसला सीएनजी किट बसवून घेण्याचा मोह टाळा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, कॉम्प्रेशनही जास्त असतं. हेड, पिस्टन आणि इग्निशन बदलल्याशिवाय ते गॅसवर नीट चालत नाही. कंपनीतूनच सीएनजी आलेली बस घ्या.

सिलेंडर किती हवेत याचा हिशोब आधी करा. समजा दोन शिफ्टचे मिळून दिवसाला ७० किमी होतात आणि बस किलोला ५ किमी देते, म्हणजे १४ किलो. त्यावर ६ किलो शिल्लक धरा. ६० लिटर पाणीक्षमतेच्या सिलेंडरमध्ये २०० बार दाबाला साधारण ९ ते १० किलो गॅस बसतो, म्हणजे दोन सिलेंडर अगदी काठावर येतात. तीन घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेजवळ मुख्य पाइपलाइनला इजा झाली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले कितीतरी पंप कोरडे पडले होते. त्यामुळे काटा अर्ध्याखाली जाऊ न देण्याची सवय लावा.

गॅस भरायला रिकामी बसच न्या, मुलं आत असताना कधीच नाही. दुपारच्या फेरीनंतर किंवा रात्री उशिरा रांग कमी असते, तेव्हा जा. आता काट्याबद्दल. घाईने भरताना सिलेंडरमधला गॅस तापतो आणि काटा लवकर २०० वर पोचतो. गाडी थंड झाली की तो खाली येतो, ती गळती नसते. पण थंड झाल्यावरचं रीडिंग वहीत लिहा आणि सकाळी सुरू करण्याआधी पुन्हा बघा. त्यातही फरक दिसला तर साबणाचं पाणी घेऊन जॉइंट तपासा. बुडबुडा दिसला की मेन कॉक (सिलेंडरमधून येणारा गॅस तोडणारी चावी) बंद करा आणि फिटरला बोलवा. दाब असताना नट आवळू नका. नोझल काढल्यावर भरण्याच्या तोंडातून फुस्स आवाज येत राहिला तर आतला व्हॉल्व्ह धुळीने नीट बसलेला नाही. तोंडावरचं टोपण हरवलेलं असतं, ते कारण.

चढावर झटके, उदाहरणार्थ घोडबंदरला गायमुखच्या चढावर, म्हणजे बहुधा प्लग किंवा कॉईल. गॅसमध्ये ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून प्लग लवकर झिजतात. मॅन्युअलमधल्या किलोमीटरला बदला, साफ करून ढकलू नका. गाडी दमत चालली आणि रेग्युलेटरवर (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागावर) दहिवर दिसलं तर कूलंट बघा. २०० बारवरून दाब एकदम उतरताना गॅस गार होतो आणि रेग्युलेटरला ऊब मिळते ती इंजिनच्या कूलंटकडून. कूलंट कमी असेल तर रेग्युलेटर गोठतो. ऑइल गॅस इंजिनचंच टाका. डिझेलच्या ऑइलची राख व्हॉल्व्हवर साठते.

खाडीची खारी हवा आणि पावसाळा सिलेंडरच्या पट्ट्यांना खातात. पट्ट्याखालचं रबर फाटलं की तिथे पाणी साठतं आणि गंज आतल्या आत वाढतो, वरून रंग चकचकीत दिसतो. नेरुळ, वाशी, कळव्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या बसचं हे रबर दरवर्षी उचलून बघा.

वास आला तर क्रम ठरलेला असू द्या आणि तो बसमधल्या मावशींनाही पाठ असू द्या. बस कडेला घ्या, इंजिन बंद. लाइटचं बटण चालू किंवा बंद करू नका. मुलं रांगेने उतरवून वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या आणि यादीवरून मोजा. मग बाहेरूनच मेन कॉक फिरवा: दांडा पाइपला आडवा आला की बंद. १०१ ला फोन करा. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो आणि बसच्या छताखाली साठतो, म्हणून आत जाण्याआधी दारं उघडून मोकळी हवा खेळू द्या. एलपीजी उलट वागतो, जमिनीलगत पसरतो. ज्यांच्या ताफ्यात दोन्ही गाड्या आहेत त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. बंद शेडमध्ये बस ठेवत असाल तर छताच्या टोकाला हवेची वाट ठेवा.

सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर ३ वर्षांनी, मान्यताप्राप्त केंद्रातच. मुदत उलटली की पंपावर भरणार नाहीत, कारण तोंडाजवळच्या पट्टीवर तारीख असते. टेस्टसाठी सिलेंडर उतरवावे लागतात, म्हणजे बस उभी राहते. तारीख जुलैत येत असेल तरी मेच्या सुट्टीतच करून घ्या, एप्रिलमध्येच नंबर लावून ठेवा.