जुन्या रहस्यपटांत कोणाच्या वाट्याला काय आले, हे कसे तपासावे

कोल्हापुरात ‘वाटा’ म्हटले की १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा शाहू महाराजांचा आदेश आठवतो. जुन्या दूरचित्रवाणी रहस्यपटांतील विविधता तपासतानाही हाच प्रश्न हाताशी ठेवावा. राजारामपुरीत आम्ही चार-पाच जण रविवारी दुपारी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीचे १९७०च्या दशकातील रहस्यपट ज्या पद्धतीने पाहतो, ती येथे सांगतो.

प्रत्येक रहस्यपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा केवळ खुनी कसा सापडतो ते पाहावे, कारण मन गुंत्यात अडकलेले असताना मोजदाद नीट होत नाही. दुसऱ्यांदा वही घ्यावी आणि पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची नोंद करावी: तिला नाव आहे का, ती बोलते का, तिचा व्यवसाय कोणता, आणि तपास करणारा तिच्या शब्दावर विसंबतो का. शेवटचा रकाना आळस न करता भरावा. दार उघडून निघून जाणारा नोकर आणि ज्याच्या माहितीवर सारा तपास उभा राहतो तो माणूस, हे दोघेही नुसत्या मोजणीत एकेकच भरतात.

नंतर भूमिका आणि नट शेजारीशेजारी लिहावेत. कोलंबो नावाच्या पोलीस गुप्तहेराच्या ‘कोलंबो’ या मालिकेच्या १९७५च्या ‘अ केस ऑफ इम्युनिटी’ या भागात सुआरी नावाच्या काल्पनिक अरब देशाचा राजनैतिक अधिकारी खुनी आहे. ती भूमिका पोर्तो रिकन वंशाच्या हेक्टर एलिझोंडो यांनी केली, तर दुसरी एक अरब भूमिका इटालियन वंशाच्या साल मिनिओ यांनी. एलिझोंडो यांचे काम मला फार आवडते, तरीही अरब नटाला ती संधी मिळाली नाही, ही नोंद मी खोडत नाही. याउलट १९७६च्या भागातील मेक्सिकन बैलझुंजकार मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बान यांनी साकारला. ‘तेव्हा काळच तसा होता’ हे उत्तर लगेच स्वीकारू नये. स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत, त्या काळात, १९२० साली, याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांना पडद्यावर आणले होते.

मग पाहावे की नायकपद कोणाला आणि किती काळ मिळाले. कोलंबोचे निर्माते रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनीच १९७३ साली हॅरी टेनाफ्ली हा कुटुंबवत्सल कृष्णवर्णीय खासगी गुप्तहेर घडवला. जेम्स मॅकईचिन यांची ही मालिका एकाच हंगामात संपली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गुप्तहेर विभागाची स्त्रीप्रमुख दाखवणाऱ्या ‘एमी प्रेंटिस’चे तीनच भाग झाले. कोलंबो मात्र एनबीसीवर १९७८पर्यंत चालला.

त्याच १९७८ साली कोलंबोच्या ‘मेक मी अ परफेक्ट मर्डर’मध्ये मॅकईचिन पुन्हा दिसतात, या वेळी प्रक्षेपकावर चित्रपट दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या भूमिकेत. पाच वर्षांपूर्वीचा नायक आता दुय्यम जागी आहे, हे पहिल्या रकान्यांत स्पष्ट दिसते. परंतु रीळ कधी बदलायचे, हे कोलंबो त्याच्याकडूनच समजून घेतो, म्हणून शेवटच्या रकान्यात आम्ही ठळक ‘होय’ लिहिले आहे.