खाजगी इमारत पालिकेने पाडली. बिल कोणाच्या नावावर?

मालमत्ता पालिकेची नाही, तरी पाडायला पैसा तिजोरीतला. हे चालतं का? चालतं, पण उधारीवर. धोकादायक इमारतीला मुंबईत 1888 च्या पालिका कायद्याचं कलम 354 लागतं, राज्यातल्या इतर महापालिकांत 1949 च्या कायद्याचं 264. मालकाने नोटीस मानली नाही की पालिका पाडते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करते. बेकायदा बांधकामाला एमआरटीपीचं (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं) कलम 53 असतं. त्यामुळे नोटीस हातात आली की आधी कलम बघा; पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

कलम 354 असेल तर इमारत किती धोकादायक आहे त्याची वर्गवारी तपासा. पूर्ण पाडकाम फक्त सी-1, म्हणजे सर्वात धोकादायक वर्गासाठी. सी-2ए, सी-2बी आणि सी-3 या दुरुस्तीच्या पायऱ्या आहेत. भाडेकरू काढायचे म्हणून सी-1 'आणणारे' मालक नवे नाहीत. इमारतीच्या तपासणीच्या (स्ट्रक्चरल ऑडिट) अहवालात नुसते तड्यांचे फोटो असतील तर शंका घ्या. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल या काँक्रीट आणि सळयांच्या चाचण्यांचे आकडे आणि कोअर (काँक्रीटचा नमुना) कुठल्या खांबातून काढला ते लिहिलेलं हवं. नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दुसरा अहवाल घ्या. दोन्ही जुळले नाहीत तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे (टॅक) पाठवा असं लेखी मागा.

घर रिकामं करण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे मोजणी. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2014 च्या निर्देशांनुसार पाडण्यापूर्वी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ नोंदवायचं असतं. टेप भिंतीच्या आतून धरा, पोटमाळा वेगळा लिहा, नोंदीची सही-शिक्क्याची प्रत घ्या. भिंत पडल्यावर मोजायला काही उरत नाही.

कारण बेकायदा बांधकामाचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल लागू होतो. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस, शिवाय बांधकामावर चिकटवलेली प्रत, किमान 15 दिवस, सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतर आणखी 15 दिवस, आणि पाडताना चित्रीकरण. हे डावललं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगत किंवा नदीपात्रातल्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही.

आता बिल. माहिती अधिकाराचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला 30 दिवसांची मुदत. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, डेब्रिज (राडारोडा) वाहतुकीच्या पावत्या आणि भंगाराचा हिशेब मागा. पाडलेला माल फुगतो, म्हणून ट्रकमधले घनमीटर आणि उभ्या भिंतींचे घनमीटर कधीच सारखे येत नाहीत. बिल कशावर लावलंय ते पाहा. जुन्या चाळीच्या सागवानी तुळया आणि सळया कंत्राटदार उचलून नेतो, त्यांची किंमत बिलातून वजा झाली का ते विचारा.

वसुली अडकते ती बहुधा नावावर. मालमत्ता कराच्या बिलावर वारलेले आजोबा, मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड) तीन वारस, आणि नोटीस आजोबांनाच. नोटीस निघण्याआधी पालिकेने दोन्ही कागद शेजारी ठेवून नावं जुळवली नाहीत, तर उधारी तिजोरीच्याच माथी बसते.