मुदतीचा इशारा उशिरा येतोय? आधी उशीर मोजा

मदतकक्षातल्या तिकिटाची (नोंदवलेल्या तक्रारीची) मुदत संपून गेल्यावर 'मुदत संपत आली आहे' असा मेल येत असेल, तर लगेच नियम बदलायला जाऊ नका. आधी उशीर नेमका किती, ते पाहा. बरोबर साडेपाच तासांचा असेल तर बहुतेक वेळा सर्व्हर यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) चालतोय आणि मुदत भारतीय वेळेत लिहिलेली आहे. उशीर कधी दहा मिनिटं, कधी पन्नास, पण तासाच्या आतच असेल तर शेड्यूलर (ठरलेली कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) बहुधा तासातून एकदाच चालतो. गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्टमधला रोज सकाळी ९ चा ट्रिगर (काम आपोआप सुरू करणारी सोय) तर ९ ते १० च्या दरम्यान कधीही चालतो. तो बिघाड नव्हे, त्याची रीतच तशी आहे. अशा वेळी इशारा मुदतीच्या दोन तास आधीचा ठेवा.

मेलच रेंगाळतोय का, हे जीमेलच्या 'शो ओरिजिनल'मध्ये कळतं: पाठवल्यापासून किती सेकंदांनी पोहोचला, ते तिथे लिहिलेलं असतं.

यातलं काहीच नसेल तर कामाच्या वेळांचं कॅलेंडर उघडा. गेल्या वर्षीच्या सुट्ट्या तशाच राहिलेल्या असतात, आणि त्या दिवशी मुदत मोजणारं घड्याळ थांबतं.