पुस्तक उघडं ठेवून विणकाम कसं शिकावं

पुस्तकात लिहिलं होतं, दहा नंबरच्या सुया घ्या. मी दुकानातून दहा नंबरच्याच सुया आणल्या, सांगितली होती तशी जाड लोकर आणली, आणि चार ओळींतच बोटं दुखायला लागली. टाका सुईवरून सरकेचना. पुस्तक अमेरिकेत छापलेलं होतं. तिकडची दहा नंबरची सुई ६ मिलिमीटर जाड असते. आपल्याकडच्या सुयांवर बऱ्याचदा जुने ब्रिटिश नंबर असतात आणि त्यांतली दहा नंबरची सुई असते ३.२५ मिलिमीटरची. अमेरिकन नंबर वाढला की सुई जाड होते, ब्रिटिश नंबर वाढला की बारीक. पुस्तक बरोबरच होतं, ते कसं वाचायचं हे मला ठाऊक नव्हतं.

पूर्वी बाळंतविड्याची टोपडी, पायमोजे विणताना शेजारी आई, मावशी, आत्या कुणीतरी बसलेली असायची. चुकलं की ती सुई हातातून घेऊन दाखवायची. आज अनेकींना आणि अनेकांना तसं कुणी जवळ नाही, म्हणून पुस्तक. तंत्र समजावणारं एक चांगलं पुस्तक त्या शेजारच्या माणसाचं बरंचसं काम करतं, पण ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं नसतं. ते सुया हातात धरून, एकेका पानाशी थांबून वापरायचं असतं.

पुस्तक निवडताना

विणकामाची पुस्तकं दोन जातींची असतात. एकात स्वेटर, शाल, मोजे यांचे नमुने असतात, दुसऱ्यात तंत्र असतं. शिकायला दुसरं हवं. दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक हातात आलं की आधी दोनाचा एक टाका करण्याचं, म्हणजे दोन टाके एकत्र विणून टाके कमी करण्याचं पान उघडा. डावीकडे झुकणारा आणि उजवीकडे झुकणारा असे दोन्ही प्रकार वेगवेगळे दाखवलेत का? मग चुका दुरुस्त करण्याचं प्रकरण शोधा. ते नसेल तर पुस्तक परत ठेवा, बाकीचं कितीही सुंदर असो. सुयांचे नंबर मिलिमीटरमध्ये देणारा तक्ता आणि शेवटी नीट सूची असली तर उत्तमच. फोटोंपेक्षा मला रेखाचित्रं जास्त उपयोगी वाटतात, कारण चित्रात लोकर कुठून आत गेली आणि कुठून बाहेर आली हे स्पष्ट दिसतं. फोटोत लोकरीच्या लवेत तेच हरवतं.

जुनं पुस्तक मिळालं तर बिचकू नका. लंडनमध्ये १९३८ साली निघालेलं मेरी थॉमस यांचं विणकामाचं पुस्तक पुढेही पुन्हा पुन्हा छापलं गेलं. फॅशन बदलते, टाका तोच राहतो.

पहिली संध्याकाळ

टाके घालण्याच्या, म्हणजे सुईवर पहिले टाके चढवण्याच्या प्रकरणात दहा-वीस पद्धती दिलेल्या असतात. एकच निवडा आणि बाकीची पानं सध्या मिटा. लांब शेपूट सोडून अंगठा आणि तर्जनीवर टाके घालण्याची पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते, कारण तिची कड लवचिक येते. शेपूट किती ठेवायचं? कापडाची जेवढी रुंदी हवी तिच्या साधारण तिप्पट आणि वर वीतभर. हात घट्ट असेल तर दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि मग एक काढून घ्या.

लोकर फिकट रंगाची, गुळगुळीत आणि मध्यम जाडीची घ्या. सुया ४ मिलिमीटरच्या, म्हणजे ब्रिटिश आठ नंबर किंवा अमेरिकन सहा. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि केसाळ लोकर उसवता येत नाही. वीस टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणा. त्यानंतर एक ओळ सुलट, एक ओळ उलट. हा दुसरा तुकडा कडांना गुंडाळला जाईल. घाबरू नका, त्या विणीचा तो स्वभावच आहे.

टाका वाचायला शिका

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण इथे पक्कं झालं की पुस्तकातली पुढची पानं आपोआप उलगडतात.

सुईवर बसलेला टाका घोड्यावर मांड ठोकून बसलेल्या स्वारासारखा असतो. एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. बहुतेक पुस्तकांतल्या चित्रांत उजवा पाय पुढे असतो आणि सगळ्या सूचना तेच गृहीत धरून लिहिलेल्या असतात. आता तुमच्या सुईकडे बघा. डावा पाय पुढे आलेला दिसत असेल, तर बहुधा तुम्ही उलट टाका विणताना लोकर सुईच्या खालून घेताय. चित्रात ती वरून येते. असा उलटा बसलेला टाका पुढच्या ओळीत समोरून विणला की पिळला जातो, त्याच्या बुडाशी फुली दिसते आणि वीण घट्ट होते. ‘माझं विणकाम पुस्तकासारखं का दिसत नाही’ असं वाटणाऱ्यांनी सर्वांत आधी हेच तपासावं. यावर दोन उपाय आहेत. एक तर लोकर वरून घ्यायची सवय लावा, नाहीतर असा उलटा बसलेला टाका मागच्या पायातून विणा.

पुढची ओळख तयार कापडावरची. सुलट टाक्यांची उभी रांग वेणीसारखी दिसते, उलट टाका आडव्या मण्यासारखा. हे दोन वेगळे टाके नाहीत. पुढून जो सुलट, तोच मागून उलट. हे एकदा डोळ्यांत बसलं की बॉर्डर विणताना ‘दोन सुलट, दोन उलट’ मोजत बसावं लागत नाही. समोर वेणी दिसली की सुलट, मणी दिसला की उलट. मधेच फोन आला, दूध उतू गेलं, तरी परत आल्यावर आपण कुठे होतो ते विणकामच सांगतं.

खुणांची वही

इंग्रजी पुस्तकात ‘के’ म्हणजे सुलट, ‘पी’ म्हणजे उलट, ‘वायओ’ म्हणजे जाळीसाठी लोकर पुढे, ‘के टू टॉग’ म्हणजे उजवीकडे झुकणारा दोनाचा एक आणि ‘एसएसके’ म्हणजे डावीकडे झुकणारा. यांची तुमच्या शब्दांतली यादी एका वहीत करा आणि प्रत्येक खुणेपुढे ती वापरून विणलेला छोटा तुकडा टाचून ठेवा. वर्षभरात ही वहीच तुमचं दुसरं पुस्तक होते.

नमुना वाचताना दोन जागी हमखास फसायला होतं. कंसात चार-पाच मापं दिलेली असतात, तेव्हा विणायला बसण्याआधीच पेन्सिलीने आपल्या मापाचे सगळे आकडे गोल करून घ्या. आणि परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. बगलेचे टाके कमी करायला सांगून झाल्यावर शेवटच्या वाक्यात ‘त्याच वेळी गळ्याचेही कमी करा’ असं लिहिलेलं असतं, आणि तोवर आपण वीस ओळी पुढे गेलेलो असतो.

चौकटींचा तक्ता खालून वर वाचतात. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. आपल्या डोळ्यांना उजवीकडून वाचायची सवय नसते, म्हणून चालू ओळीच्या वरच्या कडेला पट्टी ठेवा. खालच्या विणलेल्या ओळी उघड्या राहतात आणि सुईवरच्या विणीशी ताडून बघता येतात. गोल विणत असाल तर प्रत्येक फेरी उजवीकडूनच.

माप, आणि आपली लोकर

पुस्तक म्हणतं, १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके, २८ ओळी. तुमचे २० बसले तर दोन टाक्यांनी काय बिघडतं? २२० टाक्यांचा स्वेटर १०० सेंटिमीटरऐवजी ११० चा होतो. म्हणून आधी तीस-बत्तीस टाक्यांचा चौकोन विणा, धुवा, सपाट वाळवा आणि कडा सोडून मधोमध मोजा. टाके कमी भरले तर बारीक सुई, जास्त भरले तर जाड.

एक गोष्ट परदेशी पुस्तकं गृहीत धरतात: लोकर मेंढीची आहे. आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. मेंढीची लोकर ओली करून टाचण्यांनी ताणून वाळवली की आकार धरते, ॲक्रिलिक तसं धरत नाही. त्यावर गरम इस्त्री टेकवली तर वीण कायमची लोळागोळा होते, कशानेही परत येत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या बाळासाठी सुती धागा घेत असाल, तर सुताला ताण नसतो आणि बॉर्डर सैल पडते, हे लक्षात ठेवून ती बारीक सुईवर विणा.

चुकलं तर

निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर चढवता येतो. याचा सराव मुद्दाम टाका पाडून करा, म्हणजे खरा निसटेल तेव्हा हात थरथरणार नाही. जाळीची नक्षी विणताना दर आठ-दहा ओळींनी, सगळं बरोबर असलेल्या ओळीतल्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा बोथट सुईने ओवून ठेवा. पुढे उसवावं लागलं तर वीण त्या दोऱ्यापाशी थांबते.

पहिली वस्तू म्हणून सगळ्या सुलट ओळींचं चौकोनी दुपटं करा, आणि मग टोपडं. बाळासाठी मोठ्या जाळीची नक्षी टाळा, इवली बोटं त्यात अडकतात. टोपडं कडेकडून शेंड्याकडे न विणता शेंड्याकडून कडेला विणत असाल, तर शेवटचे टाके बंद करताना उजव्या हातात एक-दोन नंबर जाड सुई घ्या. घट्ट बंद केलेली कड ताणत नाही, आणि टोपडं बाळाच्या कानांपर्यंत उतरतच नाही.