फिल्टरचं नवीन पाकीट फोडलं की आधी नुसतं पाणी सोडून बघा

पोअर ओव्हरचे (म्हणजे वरून गरम पाणी ओतून गाळायच्या कॉफीचे) पेपर फिल्टर एकाच कंपनीचे असले तरी एका पाकिटातले पाणी भराभर सोडतात, दुसऱ्यातले तुंबतात, मग पावडर तीच पाणी तेवढंच तरी कॉफी कडू होते आणि आपण उगाच बियांना नावं ठेवतो.

१. जुन्या पाकिटातला एक कागद राखून ठेवा.
२. तो ड्रिपरमध्ये, म्हणजे कागद बसवायच्या गाळणीत, लावून भिजवा, १५० मिली उकळतं पाणी एकदम ओता, सगळं उतरेपर्यंत मोबाईलवर वेळ लावा.
३. नव्यातले दोन-तीन कागद तसेच बघा, सेकंद पाकिटावरच पेनानं लिहा.

नवा हळू निघाला तर दळण जरा जाड करा, बास. पाणी मात्र दरवेळी तेवढंच कडक पाहिजे, कोमट झालं की ते तसंही हळूच उतरतं. आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसात कागद उघडे ठेवू नका, ओल आणि फोडणीचा वास दोन्ही धरतात, घट्ट झाकणाचा डबा बरा.