पोटात जेली सापडली? मग या चुका टाळा

सर्जन मित्रांनो, ऑपरेशनमध्ये हर्नियाच्या पिशवीत जेली दिसली तर ती धुऊन काढून, वर जाळी बसवून घरी जाऊ नका. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आमचे रेसिडेंट डॉक्टर माझ्याआधीच वाक्य पुरं करतात. तरी तसली डिस्चार्ज कार्डं यायची थांबत नाहीत.

आजार स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी. वर्षाला दहा लाखांत दोन-चार जणांना होणारा, म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही. उगम बहुतेकदा ॲपेंडिक्समध्ये. तिथे चिकट म्युकस तयार करणारी गाठ वाढते, ॲपेंडिक्स फुटतं आणि पेशी पोटभर सांडून तिथेच जेली बनवत बसतात. लहान आतडं सतत हलतं, त्यामुळे त्यावर त्या सुरुवातीला फारशा टिकत नाहीत. डायफ्रामखाली (छाती-पोटामधला पडदा), ओमेंटमवर (आतड्यांवरचा चरबीचा पदर), ओटीपोटात मात्र ठाण मांडतात. पुरुषांत हर्नियाच्या पिशवीत उतरतात, बायकांत अंडाशयावर बसतात. म्हणून पहिलं निदान हर्नियाचा सर्जन नाहीतर गायनॅक करू शकतो. करायला हवं, असं म्हणू.

एका तालुक्याच्या गावचे पन्नाशीतले शेतकरी आले होते. पोटावर पट्टा बसेना म्हणून नाडीचा पायजमा घातलेला. जुन्या कार्डावर एकच ओळ: उजवा हर्निया, जाळी बसवली, तब्येत ठीक. बायको म्हणाली, "डॉक्टर, तवा ते सायेब म्हणले होते, चिकट पाणी निघालं, धुऊन काढलं. काळजी करू नका म्हणले." ते 'चिकट पाणी' तपासायला पाठवलंच नव्हतं. पुढे पोट वाढलं, सोनोग्राफीत 'पोटात पाणी' आलं आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे टीबीची औषधं सुरू झाली. कोर्स पुरा झाला, पोट वाढतच राहिलं. मधे कुणीतरी टॅपिंग केलं, म्हणजे सुईने पाणी काढायला बघितलं, काही आलं नाही, तर जाडी सुई घेऊन पुन्हा केलं.

आम्ही पोट उघडलं तर ओमेंटमची वडी झालेली, यकृताच्या कडेवर जेलीने खळगे पाडलेले आणि खाली जांघेत ती जाळी जेलीत रुतून बसलेली. जाळी काढताना त्या बाजूचा अंडकोषही गेला. सकाळी लावलेली केस रात्री संपली. पहिल्याच दिवशी पिशवीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकून पाठवला असता आणि सीटी झाला असता, तर निदान जांघ तरी वाचली असती.

माझी सवय साधी आहे. अनपेक्षित जेली दिसली की थोडी जेली आणि पिशवीचा तुकडा हिस्टोपॅथला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला), जाळी नाही, पोट बंद, आणि ऑपरेशन नोटमध्ये काय दिसलं ते शब्दांत. पोट उघडलंच आहे तर जमेल तेवढं काढून टाकू, ही हौस आवरा. अर्धवट ऑपरेशनने पेरिटोनियमचे, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराचे, पदर फाटतात, पेशी त्या जखमांत रुजतात आणि पुढच्या सर्जनचं काम दुप्पट अवघड होतं. आणि सुई घालून काही येत नसेल तर सुई नाही, निदान बदला. कॉन्ट्रास्ट सीटी करा.

ॲपेंडिक्स फुगलेलं दिसलं की दुर्बिणीतून ग्रास्परने (चिमट्याने) थेट धरू नका. त्याची मेसेंटरी, म्हणजे त्याला धरून ठेवणारा पदर, धरा, नमुना पिशवीत घालूनच बाहेर काढा, आणि जमत नसेल तर सरळ पोट उघडा. त्यात कमीपणा नाही. दोन्ही अंडाशयांत म्युकसची गाठ असेल तर ॲपेंडिक्स बघितल्याशिवाय टेबल सोडू नका. ॲपेंडिक्स न फुटलेलं, गाठ लो ग्रेड (कमी आक्रमक) आणि कापलेली कड गाठीपासून स्वच्छ असेल, तर 'सेफ्टीसाठी' उजवं मोठं आतडं काढू नका.

आता हायपेक, म्हणजे ऑपरेशनमध्येच पोटात गरम केमो फिरवणं. नातेवाईक आल्या आल्या विचारतात, "ते गरम केमो कधी मारणार?" त्यांचं समजू शकतो. पण पंधरवड्याच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून मशीन विकत घेणारे सर्जनही तेच विचारतात, तेव्हा डोकं फिरतं. पोटात साधारण 41 ते 43 अंशांवर तास-दीड तास फिरवलेलं मायटोमायसिन हे केमोचं औषध ऊतीत जेमतेम काही मिलिमीटर शिरतं. म्हणून आधी दिसणारी प्रत्येक गाठ काढायची. उरलेली गाठ 2.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नको. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकरांनी 1995 साली पेरिटोनेक्टॉमीची, म्हणजे पोटाचं आजारी अस्तर सोलून काढण्याची, पद्धत मांडली, तिचा जीव याच कंटाळवाण्या सोलण्यात आहे. 2012 मध्ये जगभरातल्या सोळा केंद्रांतल्या 2298 रुग्णांचे निकाल आले, त्यात दहा वर्षं जगणारे 63 टक्के होते. ते अनुभवी हातांचे आकडे आहेत. मशीनच्या माहितीपत्रकावर छापायला नाहीत.

आजार किती पसरलाय ते कळायला पोटाचे तेरा भाग मोजून 39 पैकी स्कोअर काढा, आणि तो सीटीवरून ठरला असं धरून चालू नका. लहान आतड्यावरचा आजार सीटीत कमीच दिसतो. स्प्लीन (प्लीहा) काढावी लागण्याची शक्यता असेल तर संसर्गाविरुद्धच्या लसी किमान दोन आठवडे आधी. यात कुणी घाई केली की मी तारीख पुढे ढकलतो, नातेवाईक चिडले तरी.

बाकी दुर्मिळ गाठींबद्दल थोडक्यात. पोटामागच्या सार्कोमाला (मऊ ऊतींच्या कॅन्सरला) कवच दिसतं ते खरं नसतं; त्यातून गाठ सोलून काढू नका, शेजारच्या अवयवासकट एकसंध काढायची. बायोप्सी पाठीकडून, जाड सुईने. जिस्ट, म्हणजे जठर-आतड्याच्या भिंतीतली गाठ, फोडू नका. मोठी असेल तर आधी इमॅटिनिब (गाठ लहान करणाऱ्या गोळ्या) देता येईल का बघा. ॲड्रिनलच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) गाठीत मेटानेफ्रिन, म्हणजे गाठ रक्तदाब भडकवणारी हार्मोन्स सोडते का, हे तपासल्याशिवाय सुई घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

आणि रुग्ण मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला पाठवा किंवा दुसऱ्या अनुभवी केंद्रात, सोबत पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा), सीटीची सीडी आणि ऑपरेशन नोटची प्रत द्या. फिल्म खिडकीला धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत कुणालाच काही दिसत नाही.