घराच्या भिंतीवर उभ्या लाकडी फळ्या कशा बसवाव्यात

कोकणात मिरगाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झापांची झड बांधायची रीत काही घरांत अजून आहे. झड भिंतीला चिकटून नसते. मध्ये हात जाईल एवढी पोकळी सोडतात. पाऊस झापांवर आपटतो आणि खाली ओघळतो, चुकून आत आलेले थेंब पोकळीतल्या वाऱ्यावर सुकतात, भिंतीचा चिरा (जांभ्याचा दगड) कोरडा राहतो. घराला बाहेरून उभ्या फळ्या बसवायच्या असतील तर ही झड डोळ्यांसमोर ठेवा. मागे वारा खेळला आणि फळीला फुगायला-आकसायला जागा मिळाली, तर चांगल्या सागाचं काम पुढची पिढीही बघते. हल्ली शेतघरांना आणि होमस्टेंना असं काम बरंच होतं आणि त्यातलं बरंचसं दोन पावसाळ्यांत बिघडलेलं दिसतं. जवळ जाऊन पाहिलं की कारण कळतं: फळ्या थेट प्लास्टरवर ठोकलेल्या असतात, एकीला एक घट्ट भिडवून.

उभ्या फळ्यांचा मोठा फायदा म्हणजे पाणी लाकडाच्या रेषांबरोबर सरळ खाली जातं, कुठे अडून बसत नाही. जोड तीन तऱ्हांनी करतात. नर-मादीचा (एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत), पतामाचा (कडा अर्ध्या तासून एकमेकींवर चढवायचा), आणि फळ्यांमधल्या फटीवर वरून पट्टी मारण्याचा. पहिल्या दोन जोडांना मशीनवर काढलेलं आणि नीट वाळलेलं लाकूड लागतं. आपल्या हवेत आणि गावच्या सुताराच्या हातून उत्तम उतरतं ते फळी-पट्टीचं काम, म्हणून इथे तेच सांगतो.

आधी भिंत एक पावसाळा बघा. आतून ओल धरणारी भिंत फळ्यांनी झाकली की ओल जात नाही, फक्त दिसायची थांबते. भेगा भरा, प्लास्टर दुरुस्त करा, वर बाहेरचा जलरोधक रंग द्या आणि पूर्ण सुकू द्या. छपराची वळचण भिंतीच्या बाहेर दोन फूट तरी असावी. उघड्या पश्चिमेच्या भिंतीवर वळचणीशिवाय लाकूड लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो झडीने, आडवा येतो.

लाकूड

साग घ्यायचा तर गाभ्याचा घ्या. कोवळ्या झाडाच्या फळीत कडेला पांढरा भाग बराच असतो. वाळवी आणि बुरशी आधी त्यालाच धरते, तो कापून टाका. घरच्या परड्यातला साग असला तरी तोडायला परवानगी लागते. १९६४च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग आहे, तेव्हा वनखात्याकडे अर्ज आधी करा. बाजारात भट्टीत तापवून टिकाऊ केलेलं परदेशी पाइनही मिळतं. ते हलकं असतं, वळत नाही, मात्र ठिसूळ असल्याने कडेजवळ भोक न पाडता स्क्रू मारला की चिरतं.

फळी ६ इंच रुंद आणि रंधा मारल्यावर ६ सूत जाड (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). जोडपट्टी २ इंच रुंद, तीही ६ सूत. फळी फार रुंद घ्यायचा मोह टाळा, दहा इंची फळी हमखास वाकते. लाकूड कापून आणल्यावर सावलीत, मध्ये रिपा (बारीक लाकडी पट्ट्या) घालून, हवेशीर रचून ठेवा. ओलावा मोजायचं यंत्र आता फार महाग राहिलेलं नाही. किनाऱ्याजवळ १२ ते १५ टक्के दाखवलं की काम सुरू करा.

आता हिशोब. समजा भिंत २० फूट लांब आहे. ३७ फळ्यांचे २२२ इंच आणि मधल्या ३६ फटींचे, प्रत्येकी अर्धा इंच धरून, १८ इंच. बरोबर २४० इंच भरतात. पण प्रत्यक्षात भिंत कधीच इतकी शहाणी नसते. ती १९ फूट ८ इंच निघाली तर शेवटी दोन इंची चिंधी लावू नका. दोन्ही टोकांच्या फळ्या चार-चार इंचांच्या करा, म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी सारखी दिसेल. ही आखणी कागदावर पाच मिनिटांची आहे आणि काम सफाईदार दिसतं ते निम्मं तिच्यामुळे. लाकूड दहा-पंधरा टक्के जास्त मागवा.

अर्ध्या इंचाची फट कशासाठी, तेही कळायला हवं. सहा इंची सागाची फळी मे महिन्यात मोजा आणि जुलैच्या अखेरीला मोजा. रुंदीत साधारण दोन मिलिमीटरचा फरक पडतो. लांबीत जवळजवळ काहीच नाही. सदतीस फळ्यांचे मिळून तीन इंच होतात. फळ्या भिडवून बसवल्या असतील तर हे तीन इंच कुठेतरी जाणारच, मग फळी मधून उचलते किंवा स्क्रू उपटून काढते. काम फेब्रुवारी ते मे दरम्यान केलं तर फळ्या वर्षातल्या सगळ्यात आकसलेल्या स्थितीत असतात. अशा वेळी फट पूर्ण अर्धा इंच सोडा, कमी नको.

तेल आधी, बसवणं नंतर

फळी भिंतीवर चढल्यावर तिच्या पाठीला कधीच हात पोचत नाही. म्हणून सहाही बाजूंना दोन हात तेल खालीच द्यायचं. लाकडात मुरणारं बाहेरचं तेल वापरा. चकचकीत वार्निशचा थर उन्हाने तडकतो, तडकीतून पाणी आत जातं आणि अडकतं. मग तासून काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. घरातलं मेलामाइन पॉलिश बाहेर अजिबात नको. आपल्याकडे होड्यांना आणि वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. ते फळीच्या पाठीला आणि मागच्या रिपांना उत्तम, पण त्याने लाकूड काळं पडतं आणि कातडी भाजते, तेव्हा हातमोजे घालूनच लावा. आणखी एक, जवसाचं तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उन्हात एकेक पसरून वाळवा.

मागचा सांगाडा

भिंतीवर पहिल्यांदा ६ सूत जाडीच्या उभ्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर. त्यांच्यावर २ इंच बाय दीड इंचाच्या आडव्या रिपा, त्याही दोन-दोन फुटांवर, दीड इंचाची बाजू जाडीला. नुसत्या आडव्या रिपा भिंतीला लावल्या तर प्रत्येक रीप पाण्याला बांध घालते आणि हवाही अडवते. खालच्या उभ्या पट्ट्यांमुळे पायापासून वळचणीपर्यंत वारा सलग चढतो. रिपेच्या वरच्या कडेला बाहेरच्या बाजूस थोडा उतार रंधून द्या.

चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडताना घाई नको. जांभा मऊ असतो, ड्रिल हातोडीवर ठेवलं की भोकाचं भगदाड होतं. नुसतं फिरवून भोक पाडा, ते चिऱ्यातच येऊ द्या, सांध्यातल्या चुन्यात किंवा सिमेंटात नको, आणि चार इंची लांब गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती खुंटी) वापरा. भिंत क्वचितच ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, असते. दोन टोकांच्या पट्ट्या ओळंबा लावून बसवा, त्यांच्यामध्ये सुताची दोरी ताणा आणि बाकीच्या पट्ट्यांखाली पाचर घालून दोरीला आणा. आडव्या रिपांची पातळी पाण्याच्या नळीने काढा. सांगाडा बसला की लांब सरळ पट्टी आडवी-तिरकी फिरवून बघा. इथला एका सुताचा खड्डा फळ्यांवर संध्याकाळच्या तिरक्या उन्हात लांबूनही दिसतो.

पोकळीच्या खालच्या आणि वरच्या तोंडाला स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी मारा. नाहीतर गांधीलमाश्या पहिल्याच वर्षी घर करतात.

फळ्या

फळीचं खालचं तोंड हा या सगळ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात आणि पाणी वर चढतं. नॉर्वेत लाकडी चर्चची जुनी परंपरा आहे. सुरुवातीच्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले होते, ते कुजून गेले. पुढे दगडी पायावर आडवी तुळई ठेवून तिच्यावर लाकूड उभं केलं, आणि ११८०च्या सुमाराचं बोरगुंडचं चर्च अजून उभं आहे. आपल्याकडे फळी जमिनीपासून आठ इंच वर हवी असं सांगतात. पण पागोळ्यांचा तांबडा शिंतोडा कुठवर उडतो ते तुमच्या जोत्यावरच्या डागांवरून बघा आणि त्याच्या वर राहा. माझ्या मते दीड फूट सोडावा. भिंतीवरून चढणारी वाळवीची मातकट नळी दिसायलाही तेवढी उघडी जागा लागते.

खालचं तोंड सरळ कापू नका, साधारण ३० अंशांचा उतार आतून बाहेर खाली द्या. म्हणजे थेंब पुढच्या धारेवर गोळा होऊन गळतो. आणि प्रत्येक कापलेल्या तोंडाला तिथल्या तिथे तेल. डबा आणि ब्रश करवतीशेजारी ठेवा. फळी उभी करा, तोंड तेलाच्या ताटलीत टेकवा, दहा मिनिटांत किती तेल पिते ते दिसेल. तेवढंच पाणी तिने प्यायलं असतं.

पहिली फळी कोपऱ्यावरून नव्हे, ओळंब्यावरून लावा. कोपरा वाकडा असेल तर फळीची ती कड कोपऱ्याप्रमाणे तासून घ्या. पुढे अर्ध्या इंचाच्या प्लायचे दोन तुकडे फटीत धरून पुढची फळी टेकवत जायचं. दर चार-पाच फळ्यांनी पुन्हा ओळंबा सोडा. फरक अर्धा सूत असताना तीन फटींत वाटून जिरवता येतो, दोन सूत झाला की लपत नाही.

प्रत्येक रिपेवर फळीला एकच ५० मिलिमीटरचा स्क्रू, बरोबर मध्यावर. सुतार दोन मारायला बघेल, कारण दारं-खिडक्या करताना त्याला तीच सवय असते. समजावून सांगा. दोन कडांना स्क्रू मारले की फळी फुगताना दोन्हीकडून अडते आणि मधोमध चिरते. आधी भोक पाडा, स्क्रूचं डोकं लाकडाशी समपातळीत आणा, आत बुडवू नका, त्या खळीत पाणी साचतं. सगळे स्क्रू दोरी धरून एका रेषेत येऊ द्या. जवळून बघणाऱ्याला कामाचा हात तिथे कळतो.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, ३०४ प्रतीचे. समुद्राचा वारा लागत असेल तर ३१६. आमच्या मागच्या भिंतीला एकाने साधे लोखंडी खिळे वापरले. पहिल्याच पावसात प्रत्येक खिळ्याखाली काजळासारखा ओघळ उतरला. सागातला अर्क आणि लोखंड यांचा तो संयोग. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ द्रावणाने डाग निघाले, पण खिळे आत होते तोवर दरवर्षी परत आले. शेवटी सगळी भिंत उतरवून पुन्हा बसवली. त्या वेळी मदतीला आलेले आमचे सुतारकाका जुन्या फळ्यांची बुरशी धरलेली पाठ बघून एवढंच म्हणाले, “लाकडाक वारो होयो.”

पट्ट्या, खिडक्या, कोपरे

जोडपट्टीचं तोंड निरखा. वर्षवलयांच्या कमानी दिसतील. लाकूड सुकताना सालीकडची बाजू खोलगट होते, म्हणून ती बाजू आत, फळ्यांकडे ठेवा. पट्टीच्या कडा मग फळ्यांवर दाबून बसतात. पट्टी दोन्ही फळ्यांवर पाऊण-पाऊण इंच चढते. तिचा ७० मिलिमीटरचा स्क्रू फटीतून थेट रिपेत जायला हवा, कुठल्याही फळीला न शिवता. पट्टी फळ्यांना नुसती दाबून धरते, फळी तिच्याखाली मोकळी सरकते. हे एकदा बोटाने फट चाचपून लक्षात आलं की सगळी पद्धत उलगडते.

खिडकीच्या वर अ‍ॅल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची पन्हाळीवजा पट्टी हवी. मागची कड फळ्यांच्या मागे भिंतीवर दोन इंच चढलेली आणि पुढची चौकटीच्या बाहेर खाली वळलेली. फळ्या तिच्यावर टेकवू नका, तीन सूत वर थांबवा. ती फट सिलिकॉनने भरायची सुरसुरी मिस्त्रीला येते. भरली की आत आलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद.

कोपऱ्यावर फळ्यांच्या कडा ४५ अंशांत मिळवलेल्या पहिल्या दिवशी सुरेख दिसतात, श्रावणापर्यंत उघडतात. दोन इंची चौकोनी उभा दांडा कोपऱ्याला लावा आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या त्याला टेकवा. भिंत फळीपेक्षा उंच असेल तर आडवा सांधा सगळ्या फळ्यांचा एकाच उंचीवर घ्या आणि तिथे झेडच्या आकाराची पत्र्याची पट्टी घाला. खाली-वर विखुरलेले सांधे ठिगळासारखे दिसतात.

दसऱ्याच्या सुमारास, पाऊस गेला की मऊ ब्रशने शेवाळ धुवा, जाळी मोकळी करा, जोत्यावर वाळवीची नळी आहे का बघा. पश्चिमेच्या भिंतीला दर दोन वर्षांनी तेलाचा एक हात लागतो, वळचणीखालच्या उत्तरेच्या भिंतीला त्याहून उशिरा. तेल नाही दिलं तर ऊन सागाला रुपेरी करडा करतं. तो रंग आवडत असेल तर राहू द्या, पण खालच्या तोंडांना मात्र दर दोन वर्षांनी ब्रश लावाच.